म्हापशात जॅझचे दोन दिवस: कामाच्या नोंदी

काम चालू असतानाच या नोंदी ठेवल्या. दीड-दोन लाखांत बाजारपेठेच्या गावात असं काही करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून चुकांसकट देत आहोत. आकडे आमच्या जागेचे आहेत.

22 सप्टेंबर 2024, रविवार

चतुर्थी आटोपली आणि कामाला हात घातला. ठरलं ते एवढं: फेब्रुवारीत गोव्यातल्या म्हापशात दोन दिवस जॅझ, बाहेरून मोठं नाव आणायचं नाही, वाजवणारे बार्देश-तिसवाडी या इथल्या दोन तालुक्यांतलेच. तियात्राच्या (कोंकणी संगीत-नाटकाच्या) आणि लग्नाच्या बँडांत ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन वाजवणारी माणसं इथे गावोगाव आहेत. चर्चच्या शाळांत सोल्फा (डो-रे-मी) आणि स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची स्वरलिपी) गिरवण्याची परंपरा पोर्तुगीज काळापासूनची. मुंबई गाजवणारा चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, शेजारच्या हळदोण्याचा, सी. रामचंद्रांच्या गाण्यांतल्या ब्रासमागे त्याचा मोठा हात होता. सॅक्सोफोनवाला ब्राझ गोन्साल्विस नेवऱ्याचा. एवढी पुंजी घरात असताना पाहुणे कशाला शोधायचे?

पहिली तारीख धरली 8 आणि 9 फेब्रुवारी, शनिवार-रविवार. चौदा वादकांना फोन केले, त्यांतल्या अकरा जणांना शनिवारी लग्न होतं. एका लग्नात त्यांना जे मिळतं ते आम्ही देऊ शकत नाही, आणि त्यांनी ते सोडावं असं म्हणणंही बरोबर नाही. कार्निव्हलनंतर लेंट (ख्रिस्ती उपवासाचा काळ) लागला की लग्नं थांबतात, पण मार्चमध्ये दहावीच्या परीक्षा आणि शिगमो एकत्र येतात. शेवटी गुरुवार 6 आणि शुक्रवार 7 फेब्रुवारी ठरवलं. शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार, त्याचाही फायदा.

गोव्यात असं काही करणाऱ्यांनी तारीख आधी वादकांना विचारावी, मग सभागृहाला. आम्ही उलट केलं आणि भरलेले 2,000 रुपये आगाऊ बुडाले.

13 ऑक्टोबर, रविवार

जागा दोन. गुरुवारसाठी खोर्लीतल्या एका जुन्या घराचं राजांगण (मधला उघडा चौक), शुक्रवारच्या संध्याकाळसाठी बाजारापासून चालत दहा मिनिटांवरचं एक मोकळं आवार.

राजांगण 9 मीटर लांब, 9 रुंद, चारी बाजूंनी ओसरी. मध्ये तुळशीवृंदावन, ते अर्थातच हलवायचं नाही. मधोमध उभं राहून टाळी वाजवली तर समोरच्या भिंतीवरून टाळीचा तुकडा परत येतो, टक्‌ असा. चिऱ्याच्या भिंतीवर गुळगुळीत गिलावा आणि खाली फरशी, त्यामुळे रिमशॉट (ड्रमच्या कडेवर मारलेली काठी) दोनदा ऐकू येणार. घरातल्या आजींनी कपाट उघडून सात गोधड्या काढून दिल्या. त्यांतल्या चार वादकांच्या समोरच्या ओसरीच्या खांबांना दोरीवर टांगल्या, भिंतीपासून वीतभर पुढे. भिंतीला चिकटवून टांगल्या तेव्हा फरक अगदी थोडा पडला. पुढे ओढल्यावर टाळी मेली. फरशीवर चटया. खर्च शून्य, वेळ दोन तास.

या जागेत भोंगे लावायचे नाहीत, हे आजच ठरवून टाकलं. गायिका, डबल बेस आणि कीबोर्ड यांच्यासाठी दोन लहान स्पीकर, बाकी सगळं उघड्या आवाजात. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनला एवढ्या जागेत माईक देणं म्हणजे दिव्यासमोर मशाल. जॅझमध्ये वादक एकमेकांचं ऐकून उत्तर देतात, आणि मोठ्या आवाजात आधी मरतं ते हेच ऐकणं. पुढच्या चार महिन्यांत सगळ्यात जास्त भांडावं लागलं ते यासाठी.

10 नोव्हेंबर, रविवार

परवानग्या. जागेच्या मालकाचं पत्र, पालिका, पोलीस, ध्वनिक्षेपकाची परवानगी, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, संगीताच्या हक्कांचा परवाना. एकाचा कागद दुसऱ्याला लागतो, म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी मालकाचं पत्र आणि नकाशा, मग बाकीचं. नकाशात मंच, खुर्च्या, जनरेटर, बाहेर पडायच्या दोन वाटा आणि जवळची शाळा-इस्पितळ किती मीटरवर, हे लिहून द्यावं. आम्ही पहिल्या वेळी नुसता हाताने काढलेला चौकोन दिला आणि अर्ज परत आला. दहा दिवस गेले.

21 नोव्हेंबर ते 5 जानेवारी जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं दर्शन आहे, मध्ये पणजीत चित्रपट महोत्सव. पोलीस, मांडववाले, खुर्चीवाले सगळे तिकडे. त्यामुळे अर्ज आत्ताच टाकले.

आवाजाचा नियम नीट वाचून घ्या. उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. त्याआधीही सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलने जास्त किंवा 75 डेसिबल, यांतलं जे कमी असेल तेवढाच. व्यापारी भागाची दिवसाची मर्यादा 65, म्हणजे आमच्यासाठी 75. ते मंचासमोर मोजायचं नाही, हद्दीवर मोजायचं.

हक्कांच्या परवान्यातही घोळ झाला. ध्वनिमुद्रणाचा परवाना घ्या असं एकाने सांगितलं, आम्ही चौकशीत आठवडा घालवला. वादक प्रत्यक्ष वाजवणार असतील तर परवाना लागतो तो रचनेच्या हक्कांचा, म्हणजे संगीतकार-गीतकारांच्या संस्थेचा. मध्यंतरात रेकॉर्ड लावणार असाल तरच ध्वनिमुद्रणाचा वेगळा. आम्ही मध्यंतरात काहीच लावायचं नाही असं ठरवलं. पैसे वाचले, आणि लोक आपसात बोलतातही.

तिकीट 300 रुपये. संगीताच्या कार्यक्रमाचं प्रवेशशुल्क माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, हे लक्षात ठेवून ठरवलं.

24 नोव्हेंबर, रविवार

बावीस रचनांचे चार्ट (वादकांसमोर ठेवायचे स्वरांचे कागद) तयार. त्यांतले सहा ब्लूज, एफ आणि बी-फ्लॅट या पट्ट्यांत. तीन मांडो आणि एक दुलपद (दोन्ही गोव्यातल्या कोंकणी गाण्याचे प्रकार) नव्याने बांधलेलं. ट्रम्पेट दोन, आल्टो आणि टेनर सॅक्सोफोन एकेक, ट्रॉम्बोन एक, शिवाय पियानो, बेस, गिटार, ड्रम्स. छपाई ए4 कागदावर, 10 रुपयांच्या प्लास्टिक फायलीत.

8 डिसेंबर, रविवार

पहिली तालीम. पहिल्या अर्ध्या तासात थांबावं लागलं.

ही वाद्यं वेगवेगळ्या पट्टीतली असतात: पियानोचा सी वाजतो तेव्हा ट्रम्पेटवाल्याच्या आणि टेनरवाल्याच्या कागदावर डी असायला हवा, आल्टोवाल्याच्या कागदावर ए. आमच्याकडून टेनरच्या फायलीत आल्टोचाच कागद गेला होता, नऊ रचनांत. टेनर वाजवणाऱ्या बाबनी पहिल्या चार बारांतच (मात्रांच्या चार घरांतच) हात वर केला: "हो म्हजो कागद न्हय." बाकीच्यांना वाटलं तेच चुकताहेत. त्या दिवशी त्यांनी नऊच्या नऊ रचना आल्टोच्या कागदावरून जागच्या जागी मनात बदलून वाजवल्या. म्हणजे दर स्वर शुद्ध मध्यमाने वर वाचायचा, ए दिसला की डी. चाळीस वर्षं तियात्राच्या पिटात (मंचापुढच्या वादकांच्या जागेत) बसलेल्या माणसाचं ते काम, आमचं नव्हे.

तेव्हापासून नियम: प्रत्येक कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात वाद्याचं नाव ठळक, त्याखाली पहिल्या बारचा पियानोचा स्वर कंसात. वादकाला एका नजरेत पडताळता येतं.

दुसरी अडचण स्विंगची, म्हणजे जोडीतली पहिली मात्रा लांब आणि दुसरी आखूड वाजवण्याची. कागदावर सारख्या आठव्या मात्रा दिसतात आणि लग्नाच्या बँडमध्ये त्या सारख्याच वाजवायची सवय असते. वर 'स्विंग' लिहून काही होत नाही. तीनाचा भाग करून लिहिलं तर उलट ताठ वाजतं. उपाय सापडला तो असा: ड्रमवाल्याने फक्त राइड सिंबल धरायचा, ब्रासवाल्यांनी वाद्यं मांडीवर ठेवून ओळ तोंडाने म्हणायची, दू-बा-दू-बा, मग फुंकायची. वीस मिनिटांत फरक पडला. दुसऱ्या तालमीपासून प्रत्येक नवी ओळ आधी तोंडाने.

उलट, मांडोत आमच्याच लोकांना शिकण्यासारखं होतं. पियानोवाला जॅझचे जड कॉर्ड घालत होता आणि चाल दबत होती. ट्रॉम्बोनवाल्याने त्याला सांगितलं, डाव्या हाताने फक्त कॉर्डचा मूळ आणि सातवा स्वर धर, उजव्याने गप्प बस. तसं केल्यावर मांडो मोकळा झाला.

29 डिसेंबर, रविवार

पियानो. इथे तीन आठवडे आणि 7,400 रुपये गेले, म्हणून सविस्तर.

राजांगणाच्या घरात एक जुना उभा पियानो आहे. तो वाजवायचा मोह कोणालाही होईल. मोजलं तर त्याचा ए हा स्वर 428 हर्ट्झला होता, म्हणजे नेहमीच्या 440 पासून जवळजवळ पाव स्वर उतरलेला. वादकांना तिथे उतरायला सांगणं शक्य नाही. सॅक्सोफोनचं माउथपीस बाहेर ओढून थोडं खाली येता येतं, पण पाव स्वर ओढलं की वाद्याच्या आतलाच सूर बिघडतो: वरचे स्वर एका मापाने उतरतात, खालचे दुसऱ्या.

ट्यूनरने आधीच सांगितलं होतं की एका फेरीत 440 ला न्यायचा नाही. साधारण सव्वादोनशे तारा, प्रत्येक थोडी ताणली की सांगाड्यावरचा एकूण ताण बराच वाढतो आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा उतरतात. दोन फेऱ्या, मध्ये दहा दिवस. आम्ही घाई केली, चार दिवसांत दुसरी फेरी करायला लावली. वरच्या सप्तकातल्या तीन तारा तुटल्या. आवाज बंदुकीच्या चापासारखा. चेहरा जवळ ठेवू नका. शिवाय मधल्या भागात पाच खुंट्या लाकडात सैल झालेल्या निघाल्या. ताणलेलं दुसऱ्या दिवशी उतरायचं. समुद्राजवळच्या घरात पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आटतं, पन्नास वर्षांनी खुंटीची पकड जाते.

निर्णय: पियानो 435 वर सोडला, शुक्रवारी सकाळच्या एकल वादनापुरता. बँडसाठी 88 पट्ट्यांचा, पियानोसारख्या जड दाबाचा कीबोर्ड ओळखीतून, भाड्याशिवाय. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. जुना पियानो दिसला की आधी ट्यूनिंग फोर्क किंवा फोनवरचं ट्यूनर लावा. 10 सेंटहून (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) जास्त उतरला असेल आणि हाताशी दोन महिने नसतील, तर बँडसाठी त्याचा विचार सोडा.

12 जानेवारी 2025, रविवार

उसन्या आणलेल्या डबल बेसमधून खालच्या सी-वर 'झर्र' असा आवाज येतोय. तार, ब्रिज, खुंट्या सगळं पाहिलं. शेवटी बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक करत गेलो: सगळीकडे 'ठक्', उजव्या खालच्या गोलाईवर 'टच्'. तिथे वरची फळी बरगडीपासून (बाजूच्या पट्टीपासून) सुटली होती, चार इंच. कागदाचा तुकडा आत सरकत होता.

कोणीतरी लगेच फेव्हिकॉल आणला. लावू दिला नाही. या वाद्यांचे सांधे सरसाने जोडलेले असतात, ते मुद्दाम; लाकूड आटलं की फळी फुटण्याआधी सांधा सुटावा म्हणून. फेव्हिकॉल लावला की पुढच्या वेळी फळीच फाटते. सुताराकडून सरस घेतला, दुधाचं भांडं गरम पाण्यात ठेवतात तसा ठेवून पातळ केला. पातळ चाकूने सांध्यात भरला. शिकंजे नव्हते, ते सुतारानेच करून दिले: 8 मिलिमीटरचे लांब बोल्ट, दोन्ही टोकांना लाकडी रिळं, रिळांच्या तोंडाला चामड्याचे तुकडे, वर चाकीचा नट. असे पाच. हाताने पिळतील एवढेच आवळले, पान्याने नाही. 24 तास. झर्र गेली. सगळे मिळून 350 रुपये.

19 जानेवारी, रविवार

मोकळ्या आवारात आवाजाची चाचणी. साउंडवाल्याने आणलं ते लग्नाच्या ऑर्केस्ट्राचं सामान: बाजूला चार-चार टॉप (मुख्य स्पीकर), मधोमध चार बास बिन (खालच्या सुरांचे मोठे स्पीकर). 250 खुर्च्यांसाठी. चूक त्याची नाही, आम्ही फोनवर 'जॅझचा कार्यक्रम, मोकळी जागा' एवढंच सांगितलं होतं.

मंचापासून 12 मीटरवर 94 डेसिबल. रस्त्याकडच्या हद्दीवर, 38 मीटरवर, 84. मर्यादेच्या नऊने वर. नुसता आवाज कमी केला तर मागच्या रांगांना गायिकेचे शब्द कळत नव्हते.

केलं ते असं. बास बिन चारही परत पाठवले. मंचाच्या दोन्ही बाजूंना 12 इंची एकेक टॉप, खांबावर, प्रेक्षकांच्या डोक्यांकडे थोडा झुकवलेला. 14 मीटरवर, खुर्च्यांच्या मध्यावर, दोन लहान स्पीकर, तेही झुकवलेले. या मधल्यांना विलंब द्यावाच लागतो, नाहीतर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. आपल्याकडच्या उष्ण हवेत आवाज सेकंदाला सुमारे 349 मीटर जातो. 14 मीटरला 40 मिलिसेकंद. त्यात 10 जास्त दिले, म्हणजे 50, की कानाला आवाज मंचाकडूनच आल्यासारखा वाटतो. मिक्सरवर हे एकाच बटणाचं काम आहे, पण मुद्दाम मागावं लागतं.

ड्रम्सवरचे सात माईक काढून दोन ठेवले: एक किकला (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला), एक वर. ब्रासला एकच, चौघांच्या मध्ये मीटरभर पुढे. सोलोवाला पाऊल पुढे टाकतो. मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेले स्पीकर) सहावरून दोन. आता 12 मीटरवर 83, हद्दीवर 73. साउंडवाल्याला वाटत होतं लोक तक्रार करतील. आम्ही त्याला शेवटच्या रांगेत बसवलं आणि ब्रशने वाजणारा स्नेअर (लहान ड्रम) ऐकवला. त्यानंतर त्याने स्वतःहून गिटारचा अँप्लिफायर तिरका वळवला.

फोनवरच्या मोजणीवर भरवसा ठेवू नका. आमचा फोन भाड्याच्या मीटरपेक्षा 5 डेसिबल कमी दाखवत होता.

डबल बेसच्या पिकअपचा (वाद्याला लावलेल्या माईकसारख्या तुकड्याचा) आवाज साध्या डीआय बॉक्समधून (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) बदकासारखा येत होता. पिझो पिकअपला निदान 1 मेगओहम इनपुट लागतो. अॅक्टिव्ह डीआय आणल्यावर लाकूड ऐकू आलं. 100 हर्ट्झच्या आसपास वाद्य घुमत होतं, मिक्सरवर तेवढाच पट्टा कमी केला आणि फेज उलटवण्याचं बटण दाबलं. एफ-होलमध्ये (वरच्या फळीच्या भोकात) फोमचा तुकडा.

मंचाबद्दल: 20 बाय 16 फूट, उंची 2 फूट. 12 मिलिमीटरच्या प्लायवर ड्रम्स ठेवले तर अख्खा मंच ढोलासारखा बोलतो. ड्रम्सखाली 19 मिलिमीटरचं प्लाय, त्याच्या बरोबर खाली दोन जादा टेकू आणि वाळूची पोती.

26 जानेवारी, रविवार

वीज. यात जिवाचा प्रश्न आहे, म्हणून वगळू नका.

एकूण भार 9 किलोवॅट. आणलेला जनरेटर 62.5 केव्हीए, गरजेच्या कितीतरी पट. सायलेंट म्हणतात, पण त्याचाही एक मीटरवर 75 डेसिबलपर्यंत आवाज चालतो. 25 केव्हीएचा मागवला आणि 40 मीटर लांब, घराच्या मागे नेला.

लांब नेल्यावर केबलचा प्रश्न. आधी 2.5 चौरस मिलिमीटरची आली होती; 25 अँपिअरला 40 मीटरमध्ये 14 व्होल्ट पडत होते आणि किक वाजला की दिवे मिणमिणत होते. केबलची गुंडाळी हाताला गरम. 4 चौरस मिलिमीटरची घातली, पडझड 9 व्होल्टवर आली. केबल पूर्ण उलगडूनच वापरावी.

घरघर येत होती, 50 हर्ट्झची. दिव्यांचा डिमर आणि आवाज एकाच फेजवर होते. फेज वेगळे केले, घरघर निम्मी झाली. उरलेली कुठून, हे शोधताना एका अँप्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची (जमिनीला जोडणारी) पिन कापलेली सापडली. घरघर घालवायला कोणीतरी कधीतरी कापली असणार. असं सामान वापरायचं नाही, कितीही ओळखीचा माणूस असो; घामेजल्या हाताने माईक धरलेल्या गायिकेच्या अंगातून तो प्रवाह जातो. प्लग बदलला, सगळ्या आवाजाच्या सामानाचं अर्थिंग एकाच बोर्डावर आणलं, घरघर गेली. बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), आणि त्याचं टेस्ट बटण दररोज दाबायचं.

अर्थिंगचा रॉड जांभ्या दगडात कोरडा ठोकला होता. फेब्रुवारीत जांभा खडखडीत असतो, अर्थिंग लागत नाही. रॉड विहिरीच्या काठाच्या ओल्या मातीत हलवला.

5 फेब्रुवारी, बुधवार

खुर्च्या एक दिवस उशिरा आल्या. बाकी ठीक.

6 फेब्रुवारी, गुरुवार: राजांगण

142 तिकिटं. गोधड्यांनी काम केलं.

वेळ मात्र चुकली. तीन बँड, मध्ये 15 मिनिटं धरली होती, प्रत्यक्षात 30 लागली. प्रत्येक ड्रमवाल्याने आपला किट आणला. शेवटच्या बँडला 55 मिनिटांऐवजी 30 मिळाली. त्यांच्यासाठी लोक सर्वात जास्त आले होते, आणि त्यांची आम्ही माफी मागितली.

ओसरीत वारा आला आणि कागद उडाले. धोब्याच्या दुकानातून दोन डझन कपड्यांचे चिमटे आणले. एका स्टँडला चार लागतात, खाली दोन, वर दोन. दिवे मागून पडत असल्याने वयस्कर वादकांना कागद दिसत नव्हता. वाचनाचे क्लिपवाले दिवे फक्त चार होते, ते ब्रासला दिले.

7 फेब्रुवारी, शुक्रवार: बाजार आणि आवार

सकाळी 11 ला पाच जणांचा ब्रास बाजारातून चालत जाणार होता. पन्नास पावलांत अडकला. शुक्रवारी त्या वेळी गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसते; ट्रॉम्बोनची स्लाइड सातव्या पोझिशनला दोन फुटांहून पुढे जाते आणि पुढे मातीच्या भांड्यांची उतरंड होती. शिवाय लोक ऐकायला थांबले की मागच्या बायकांच्या मिरचीच्या, केळ्यांच्या पाट्या झाकल्या जातात, त्यांचं गिऱ्हाईक तुटतं. मयड्याची केळी विकणाऱ्या एका मावशींनी स्पष्ट सांगितलं: "वाजय पूत, पूण म्हजे मुखार न्हय." (वाजव बाळा, पण माझ्यासमोर नको.) त्यांचं बरोबर होतं, त्यांचा आठवड्याचा धंदा त्या एका दिवसाचा.

तिथल्या तिथे बदल केला. चालणं बंद, बाजाराच्या कडेच्या चार मोकळ्या जागा, प्रत्येकी 12 मिनिटं, पाठ भिंतीला, मासळीच्या बाजूला अजिबात नाही. तिसऱ्या जागेवर मावशी स्वतः पाटी शेजारणीवर सोपवून ऐकायला आल्या. पुढच्या वेळी वेळ दुपारी 4 नंतर, माल कमी झाल्यावर, आणि जागा आदल्या शुक्रवारी विक्रेत्यांना विचारूनच.

संध्याकाळी आवार. एकच ड्रम किट, एकच बेसचा अँप्लिफायर सगळ्यांसाठी. ड्रमवाल्याने फक्त स्नेअर, सिंबल आणि पेडल आणायचं. साउंड चेक उलट्या क्रमाने, शेवटी वाजवणारा बँड आधी, म्हणजे पहिल्या बँडचं सामान जागेवरच राहतं. बदलाला 11 मिनिटं लागली.

चार वाजता उन्हात सूर जुळवला होता तो आठला गेला. गरम हवेत फुंकवाद्यं चढतात, उन्हात तार उतरते. रात्री दोन्ही परत फिरतात. प्रत्येक बँडला मंचामागे कीबोर्डाच्या ए-वर पुन्हा जुळवून घेण्यासाठी तीन मिनिटं ठेवली.

186 तिकिटं. हद्दीवर सर्वात जास्त नोंद 74. शेवटची रचना 9:38 ला सुरू, 9:47 ला संपली. त्यात दुलपद सुरू झाल्यावर ट्रम्पेटच्या सोलोत बेस आणि ब्रश सोडून सगळे थांबले, आणि मागच्या रांगेतल्या लोकांनी हळूच ताल धरलेला मंचावर ऐकू आला. आवाज दहाने वर असता तर तो ताल कोणाला कळला नसता.

8 फेब्रुवारी, शनिवार

सामान परत. एक माईक क्लिप आणि एक 4 मीटरची केबल हरवली, भरून दिली. वादकांचे पैसे कालच रात्री रोख दिले. कोणालाही दुसऱ्या दिवशी फोन करायला लावला नाही.

16 फेब्रुवारी, रविवार

हिशेब. तिकिटं 328, त्यांचे 98,400. दुकानदार आणि घरगुती देणग्या 62,000. जमा 1,60,400.

खर्च: तेरा वादकांना प्रत्येकी 6,000 म्हणजे 78,000. आवाज 32,000, बास बिनची फुकटची वाहतूक धरून. मांडव, मंच, खुर्च्या 18,500. जनरेटर आणि डिझेल 14,200. परवाने 11,600. जेवण आणि पाणी 9,800. पियानो 7,400. छपाई आणि चार्ट 4,300. केबल, चिमटे, सरस, बुडालेलं आगाऊ वगैरे 3,900. एकूण 1,79,700. तूट 19,300, ती सहा जणांनी वाटून घेतली.

यातले पियानोचे 7,400, आगाऊचे 2,000 आणि बास बिनच्या वाहतुकीचे 3,500 टाळता आले असते. वादकांचे कमी करून तूट भरायची नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

चार्ट दुरुस्त करून घेतले. वादकांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा, श्वासाच्या जागा, टेनरवाल्या बाबनी बदललेले दोन शेवट, सगळं नव्या प्रतीत उतरवलं. मूळ पेन्सिलीचे कागद वाद्यानुसार वेगळ्या फायलींत, पावसाळ्यासाठी प्रत्येक फायलीत सिलिका जेलच्या दोन पुड्या, पत्र्याच्या पेटीत. गोधड्या धुऊन आजींना परत दिल्या. शिकंजे सुताराकडेच ठेवले आहेत. ज्यांना लागतील त्यांनी न्यावेत.